उभी गाडी आणि चालती गाडी : कोकण किनाऱ्यावर बॅटरी बदलण्याचा निर्णय

आमच्या घरासमोरच्या खळ्यात दोन गाड्या उभ्या असतात. एक माझी, रोज गुहागरहून चिपळूणला जाऊन येणारी. दुसरी मोठ्या भावाची. तो मुंबईहून गावी आला की गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात ती बाहेर निघते, एरवी ताडपत्रीखाली असते. दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या आहेत आणि दोन्हींत ३५ एएच, म्हणजे ३५ अँपिअर-अवर क्षमतेची सीलबंद बॅटरी आहे. माझ्या गाडीची बॅटरी पाचव्या वर्षातही पहिल्याच सेल्फला इंजिन फिरवते, तर भावाच्या गाडीत सहा वर्षांत तिसरी बॅटरी बसली आहे. हवा तीच, खारे वारे तेच आणि पाऊसही तोच. बॅटरी चार्ज करून चालवावी की बदलावी, बदलायची तर कोणत्या जातीची आणि कोठून घ्यावी, हे ठरवताना गाडी किती धावते यापेक्षा ती सलग किती दिवस उभी राहते हे आधी पाहावे, असे माझे मत या दोन गाड्यांमुळे पक्के झाले आहे. पुढचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

बॅटरी गेली आहे की दुसरेच काही बिघडले आहे?

गाडी सुरू झाली नाही की बॅटरी बसली असे आपण सहज म्हणून टाकतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण निदान न करता बॅटरी बदलली तर चार-पाच हजार रुपये खर्चून दुखणे तसेच राहण्याचा धोका असतो. चावी फिरवल्यावर इंजिन जड आवाजात, रेंगाळत फिरत असेल, सेल्फ मारताना हेडलाइट एकदम मंदावत असतील किंवा नुसताच जलद टकटकाट ऐकू येत असेल, तर बॅटरीतला विद्युतदाब कमी पडत आहे असे समजावे. हेडलाइट मात्र लख्ख राहतात आणि एकच ठसठशीत 'टक्' होऊन पुढे काही घडत नाही, अशा वेळी संशय सेल्फवर, म्हणजे स्टार्टर मोटरवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. गाडी सकाळी सुरू होते, पण वाटेत डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी बंद पडते, असे झाले तर दोष डायनामोचा असण्याची शक्यता अधिक. मिस्त्री ज्याला अजूनही डायनामो म्हणतात, तो आता अल्टरनेटर असतो.

किनाऱ्यावर या तिघांच्या आधी पाहावी अशी चौथी जागा म्हणजे टर्मिनल, म्हणजे बॅटरीचे दोन खांब आणि त्यांवर तारा धरणाऱ्या पकडी. बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ आणि हवेतला खारटपणा एकत्र आले की शिशाच्या खांबावर आणि तांब्याच्या तारेवर पांढरी, हिरवट-निळी भुकटी चढते. पांढरा भाग मुख्यतः शिशाचा क्षार असतो आणि निळसर भाग तांब्याचा मोरचूद. ही भुकटी खांब आणि पकड यांच्यामधल्या फटीत शिरली की वरून घट्ट दिसणारी जोडणी आतून सुटल्यासारखीच असते. दिवे, हॉर्न आणि रेडिओ यांना थोडा प्रवाह पुरतो म्हणून ते चालू राहतात. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, तेथे मात्र जोडणी उघडी पडते. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी भावाची गाडी अशीच अडली, तेव्हा एका गॅरेजमधून बॅटरी बदलून घ्या असे फोनवरच सांगण्यात आले. बॉनेट उघडले तेव्हा धन टर्मिनलवर बोटभर जाडीचा हिरवा थर होता. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून तो त्यावर ओतताच फसफसून फेस आला, भुकटी विरघळून खाली गेली आणि आतला करडा धातू दिसू लागला. तारेच्या ब्रशने घासून, कोरडे करून पकड आवळल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि तीच बॅटरी पुढे सात महिने चालली.

हा संशय मल्टिमीटरने, म्हणजे विद्युतदाब मोजणाऱ्या उपकरणाने, अगदी नेमका तपासता येतो. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावावा, एक टोक शिशाच्या खांबाच्या मध्यावर आणि दुसरे त्याच खांबावर बसलेल्या पकडीवर टेकवावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा शून्याच्या आसपास राहिला तर जोडणी निरोगी आहे. अर्धा व्होल्ट दिसला तर बॅटरीला दोष देण्याआधी टर्मिनल साफ करावे. डायनामोसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मोजावे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग नीट होत आहे. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा दाब मुद्दाम कमी करतात, म्हणून आकडा कमी दिसला तर हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा मोजावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'डायनामो उचलतो का' हे पाहण्याची जुनी रीत काही मिस्त्री अजून वापरतात. ती आपल्या गाडीवर कोणालाही करू देऊ नये, कारण त्या क्षणी दाब एकदम उसळतो आणि इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्यात जळू शकते.

चार्ज करावी की बदलावी?

थंड प्रदेशात अशक्त बॅटरी हिवाळ्याच्या पहिल्या गारठ्यात स्वतःच कबुली देते, कारण थंडीत इंजिन जड होते आणि बॅटरीची ताकदही घटते. आपल्याकडे तसे होत नाही. उष्णता बॅटरीला आतून झिजवत राहते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आतली झीज जवळजवळ दुप्पट वेगाने होते, असा या क्षेत्रातला रूढ ठोकताळा आहे. पण त्याच उबेमुळे इंजिन सहज फिरते आणि अर्धमेली बॅटरीही बरेच दिवस वेळ मारून नेते. मग पावसाळ्यात वायपर, हेडलाइट आणि काचेवरचे धुके घालवणारा पंखा एकदम चालू राहू लागले की एखाद्या सकाळी ती अचानक हात टेकते. म्हणूनच येथे लक्षणांची वाट न पाहता तीन वर्षांनंतर वर्षातून दोनदा, एकदा मृग लागण्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, बॅटरी मोजून घेणे शहाणपणाचे ठरते. आगोटीची बेगमी करताना घरात मीठ-मसाला पाहतोच. त्याच दिवशी बॉनेटही उघडावे.

मोजण्याची वेळ महत्त्वाची आहे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून ती रात्रभर उभी ठेवून सकाळी दार उघडण्याआधी किंवा दार उघडून काही मिनिटे थांबल्यावर मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या आसपास ती रिकामीच समजावी. मात्र हा आकडा केवळ भरणा किती आहे ते सांगतो, तब्येत सांगत नाही, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी पहिल्या दिवशी सारख्याच दिसतात. पूर्ण भरल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही, म्हणून चार्ज न करता 'ही गेली' असा निकाल देणाऱ्या दुकानदारावर विश्वास टाकू नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

भरण्यासाठी गाडी फिरवून आणणे आणि चार्जरवर लावणे हे दोन मार्ग एकसारखे नाहीत. जंपर केबलने, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून, सुरू करून अर्धा तास बाजारापर्यंत चक्कर मारली की बॅटरी भरली, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पूर्ण उतरलेली ३५ एएचची बॅटरी क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे साडेतीन अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागतात. शेवटचा पाव हिस्सा तर अतिशय सावकाश भरतो, कारण बॅटरी तेव्हा फारच थोडा प्रवाह घेते. अर्धवट भरलेल्या स्थितीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक टणक होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची गमावली जाते. त्यामुळे एकदा बॅटरी पूर्ण उतरली तर ती रात्रभर चार्जरवर लावावी, आणि डायनामोच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दोन-चार वेळा तरी जातेच, म्हणून वीज परत आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा चार्जर निवडावा. काहींचे बटण पुन्हा दाबावे लागते आणि सकाळी बॅटरी होती तेथेच असते. चार्जिंग करताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि तो पेट घेतो. चार्जर पडवीत, मोकळ्या हवेत लावावा आणि न्हाणीघराच्या चुलीपासून, देवघरातल्या समईपासून दूर ठेवावा.

चार्ज झाल्यावर बॅटरी सोडवून किंवा ऋण तार काढून बारा तास तशीच ठेवावी आणि पुन्हा मोजावी. आकडा १२.५ च्या वर टिकला आणि सेल्फ मारताना तो ९.६ व्होल्टच्या खाली गेला नाही, तर ती बॅटरी बदलण्याचे कारण नाही. गाडी वापरावी आणि ती का उतरली याचा शोध घ्यावा. आकडा साडेदहाच्या आसपास येऊन थांबला, तर बॅटरीतल्या सहांपैकी एक घर (सेल) मेले आहे असे समजावे, कारण प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. त्या बॅटरीवर आणखी एक रुपयाही खर्च करू नये. आकडा चांगला, पण सेल्फच्या वेळी तो नऊच्याही खाली कोसळतो, अशी अवस्था असेल तर ती महिनाभर चालेलही, पण आंबा घाटात बंद पडण्यापेक्षा घरी बदललेली बरी. बॅटरीची पेटी फुगलेली दिसली, सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा आम्ल पाझरत असेल, तर मोजमापाच्या भानगडीत न पडता ती बदलावी आणि तोवर जंपर केबलही लावू नये. काही बॅटऱ्यांवर हिरवा-काळा ठिपका दाखवणारी काचेची खिडकी असते, पण ती फक्त एकाच घराची स्थिती सांगते. उरलेल्या पाच घरांविषयी तिच्यावरून काहीच कळत नाही.

कोणत्या जातीची घ्यावी?

पाणी टाकण्याची झाकणे असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी आजही जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टरमध्ये दिसते. तिचा मोठा गुण असा की प्रत्येक घर आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने वेगळे तपासता येते आणि घटलेले पाणी भरून काढता येते. जो माणूस दर महिन्याला खरोखर झाकणे उघडून पाहील, त्याने ती घ्यायला हरकत नाही. मात्र तिच्यातून आम्लाची वाफ अधिक निघते, टर्मिनल लवकर खराब होतात आणि पाण्याबाबत हलगर्जीपणा चालत नाही. जांभ्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असते, आणि लोहामुळे बॅटरी आतल्या आत उतरत राहते. पावसाचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी शुद्ध असते ही समजूतही चुकीची आहे. समुद्रालगतच्या पावसात मीठ असते आणि एसीच्या पाण्यात धूळ व धातूचे अंश मिसळतात. बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसरे काहीही त्यात टाकू नये.

बहुतेक लहान गाड्यांत असते ती सीलबंद, म्हणजे मेंटेनन्स-फ्री बॅटरी. हिच्या प्लेटांत कॅल्शियमचा मिश्रधातू असतो, त्यामुळे पाणी कमी उडते, आपोआप होणारी चार्जची गळतीही कमी असते आणि टर्मिनल तुलनेने स्वच्छ राहतात. रोज धावणाऱ्या गाडीला किनाऱ्यावर हिच्यापेक्षा सोयीची दुसरी नाही. पण पूर्ण उतरणे हिला जुन्या बॅटरीपेक्षा अधिक जड जाते. दोन-तीनदा अशी रिकामी झाली की ती पूर्वपदावर येत नाही. भावाच्या दोन्ही बॅटऱ्या याच कारणाने गेल्या.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत ईएफबी (साध्या बॅटरीचीच अधिक सोसणारी सुधारित जात) किंवा एजीएम (काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी) जातीची बॅटरी असते. अशा गाडीत साधी सीलबंद बॅटरी बसवून पैसे वाचवू नयेत, कारण वारंवार सुरू-बंद होण्याचा ताण ती वर्षभरही नीट सोसणार नाही. मूळ ईएफबी असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी, आणि महागड्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते का, हे आधी विचारावे. उलट, साध्या गाडीत केवळ 'चांगली वस्तू' म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीची एजीएम बसवण्याचा मोह काहींना होतो. एजीएममधले पाणी उडाले तर परत भरता येत नाही आणि तापलेल्या इंजिनशेजारची जागा तिला मानवत नाही, त्यामुळे आपल्या हवेत तो खर्च सार्थकी लागेल असे मला वाटत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही बहुधा एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असतेच आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, हे नव्या मालकांनी लक्षात ठेवावे.

आता क्षमतेचा प्रश्न. 'गाडी उभी असते, म्हणून मोठी बॅटरी घ्या' असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो हिशेब करून पाहू. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म आणि इंजिनचे नियंत्रण यांसाठी बंद गाडीही साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह घेत असते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ एएच खर्च होतात, म्हणजे ३५ एएचची बॅटरी पंधरा दिवसांत निम्म्यावर आणि महिनाभरात तळाला जाते. तिच्या जागी ४४ एएचची घेतली तर निम्म्यावर येण्याची मुदत पंधराऐवजी अठरा दिवस होते. हजारभर रुपये अधिक देऊन तीन दिवस मिळतात. जी गाडी गणपतीनंतर थेट दिवाळीला सुरू होणार, तिला या तीन दिवसांचा काहीच उपयोग नाही. शिवाय मोठी पेटी ट्रेमध्ये बसली नाही आणि पट्टीने आवळता आली नाही, तर खडबडीत रस्त्यावर हादरून आतल्या प्लेटा सुटतात. बॅटरीवर '३८बी२०एल' असा काही संकेत छापलेला असतो. त्यात '२०' ही सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते. संकेत जसाच्या तसा जुळवावा. शेवटचे अक्षर चुकले तर तार खांबापर्यंत पोचत नाही आणि ताणून बसवलेली तार एक दिवस घात करते.

उभ्या गाडीला काय उपाय?

भावासारख्यांना खरा निर्णय येथे घ्यायचा आहे आणि त्यांच्यापुढे चार पर्याय असतात. पहिला, सर्वांत प्रचलित, म्हणजे शेजाऱ्याला किंवा घरातल्या कोणाला आठवड्यातून एकदा दहा मिनिटे गाडी सुरू करून ठेवायला सांगणे. वरच्याच हिशेबाने आठवड्याचा खर्च ८.४ एएच होतो, आणि जागेवर मंद गतीने चाललेल्या इंजिनातून दहा मिनिटांत एक-दीड एएचच्या आसपास भर पडते. शेजारी मनापासून करतो, पेट्रोल जळते, तरी बॅटरी उतरतच जाते. त्याला चावी द्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास रस्त्यावर चालवायला द्यावी. त्याने टायर आणि ब्रेकही चांगले राहतात.

दुसरा पर्याय म्हणजे देखभाल करणारा स्मार्ट चार्जर कायम लावून ठेवणे. बॅटरीच्या दृष्टीने हाच सर्वोत्तम आहे. पण बंद घराचा मेन स्विच आपण निघताना उतरवतो, आणि वळवाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडत असताना कोणी नसलेल्या घरात उपकरण चालू ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले होते. घरात कोणी राहत असेल तर हा पर्याय निश्चित विचारात घ्यावा. तिसरा पर्याय सौर पट्टीचा. दहा वॉटची पट्टी नियंत्रक जोडून लावली तर मार्च-एप्रिलच्या उन्हात ती उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च सहज भागवते. पण गाडी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा आंब्याच्या सावलीत असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा नेमकी गरज असताना ती हात आखडता घेते.

चौथा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी ऋण टर्मिनल सोडवून बाजूला करणे. यासाठी बहुधा दहा नंबरचा एक पाना पुरतो, खर्च काही नाही आणि गाडीचा सगळा खर्च त्या क्षणी थांबतो. उरते ती बॅटरीची स्वतःची मंद गळती, जी चांगल्या सीलबंद बॅटरीला दोन-तीन महिने तरी सहज पेलते. तोटे एवढेच की घड्याळ आणि रेडिओच्या नोंदी पुसल्या जातात, अलार्म बंद राहतो आणि रिमोट चालत नाही, म्हणून दार चावीने उघडते का हे आधी पाहून ठेवावे. बॅटरी मागच्या डिकीत असून डिकी केवळ बटणाने उघडत असेल, तर हा उपाय त्या गाडीसाठी नाही. पंधरा दिवसांहून अधिक उभ्या राहणाऱ्या बाकी सर्व साध्या गाड्यांसाठी मी हाच उपाय सुचवतो. बॅटरी पूर्ण भरून मगच तार काढावी. अर्धी भरलेली बॅटरी नुसती सोडवून ठेवली तर स्फटिक जमण्याचे काम चालूच राहते. भावाची तिसरी बॅटरी आता याच पद्धतीने दोन वर्षे पूर्ण करत आहे.

कोठून घ्यावी आणि कोणी बसवावी?

मुंबईत किंवा पुण्यात बॅटरी थोडी स्वस्त मिळते आणि ऑनलाइन त्याहून थोडी कमी किंमत दिसते, म्हणून ती डिकीत घालून गावी आणणारे अनेक आहेत. वॉरंटीचा दावा करताना मात्र बॅटरी दुकानात न्यावी लागते, तेथे ती चार्ज करून तपासायला दिवस-दोन दिवस जातात आणि विक्रेता तेवढ्या काळासाठी बदली बॅटरी देतो की नाही, यावर आपली सोय-गैरसोय ठरते. ज्याने विकली तो अशा वेळी जितकी आस्था दाखवतो, तितकी दुसरा दाखवेलच असे नाही. म्हणून गाडी जेथे उभी असते त्याच्या जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी, अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी आणि दोन-तीनशे रुपयांच्या फरकाकडे दुर्लक्ष करावे. वॉरंटीचे महिने वाचताना ते फोडून विचारावेत. '४८ महिने' म्हणजे अनेकदा पहिले २४ महिने मोफत बदली आणि पुढचे २४ महिने वापराच्या प्रमाणात सूट असा अर्थ असतो. उभी राहून उतरलेली बॅटरी हा सहसा उत्पादनातला दोष मानला जात नाही, त्यामुळे लांब वॉरंटीसाठी जास्त पैसे मोजण्याचा फायदा चालत्या गाडीला अधिक आणि उभ्या गाडीला कमी मिळतो.

दुकानात बॅटरीच्या उत्पादनाचा महिना पाहावा. ती मांडणीवरही सावकाश उतरतच असते, म्हणून तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नये आणि बसवण्याआधी मल्टिमीटर लावून किमान १२.५ व्होल्ट दाखवायला सांगावे.

बसवण्याचे काम साध्या गाडीत स्वतः करता येते. संगणकीय नोंद लागणाऱ्या गाडीत मात्र ते मिस्त्रीवर सोपवावे. स्वतः करताना क्रम चुकवू नये. काढताना आधी ऋण आणि मग धन, लावताना आधी धन आणि मग ऋण. याचे कारण सोपे आहे. गाडीचा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो, म्हणून ऋण तार जोडलेली असताना धन बोल्टवरचा पाना पत्र्याला टेकला तर शॉर्ट होऊन मोठी ठिणगी उडते. हातातली अंगठी आणि कडे उतरवून ठेवावे. जुनी बॅटरी निघाल्यावर मिळणारी पाच मिनिटे फार मोलाची असतात, कारण खालचा ट्रे एरवी कधीच दिसत नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तो आम्ल आणि मीठ यांनी खाल्लेला असतो. सोड्याच्या पाण्याने तो धुवावा, वाळवावा, गंज खरवडून रंगाचा एक हात द्यावा आणि मगच नवी बॅटरी ठेवावी. पकड खांबावर सहज उतरत नसेल तर हातोडीने ठोकू नये, फट थोडी रुंद करावी. आवळून झाल्यावर दोन्ही टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बाहेरून द्यावा. दुकानातला मुलगा हे काम मोफत करून देतो, पण ट्रे धुवायला आणि जेली लावायला त्याला वेळ नसतो. तेवढ्यासाठी तरी आपण शेजारी उभे राहावे.

जुनी बॅटरी घरी ठेवू नये आणि भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नये. तिच्यात काही किलो शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल असते, आणि अंगणात ओतलेले ते आम्ल शिशासह पावसाबरोबर विहिरीच्या दिशेनेच जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नव्या बॅटरीचा विक्रेता जुनी परत घेऊन क्षमतेनुसार सूट देतो. भाव ठरवतानाच 'जुनी देऊन किती' असे विचारावे आणि ती सूट पावतीवर वेगळी लिहून घ्यावी. बसवल्याची तारीख न पुसणाऱ्या पेनाने बॅटरीच्या माथ्यावर लिहावी, कारण वॉरंटी कार्ड घरातल्या कोणत्या डब्यात आहे हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.